शेवटच्या दिवसाची खोडी

मास्तरांनी आयुष्यात तीन-साडेतीन हजार माणसांना गाडी शिकवली, आणि त्यातल्या एकालाही गाडीला शिव्या घालू दिल्या नाहीत. गाडीचं कधी चुकत नाही, चुकतं ते माणसाचं, हा त्यांचा पहिला धडा. दुसरा क्लचचा. पहिला डोक्यात शिरला नाही तर दुसरा सुरू व्हायचा नाही, मग शेजारी बँकेचा साहेब बसलेला असो नाहीतर सहा मुलांची आई.

आणि शेवटच्या दिवशी खोडी. ही मास्तरांची खास रीत, दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हिंग क्लासात नव्हती. शिकणारा यायच्या आधी मास्तर गाडीत स्वतःच्या हाताने एक दोष करून ठेवायचे. कधी प्लगची वायर सैल करायची, कधी पेट्रोलच्या नळीत बोळा घालायचा. आलेल्याने तो शोधायचा, गाडी चालू करायची, तेव्हा कुठे मास्तर फॉर्मवर सही करणार. लोक कुरकुरायचे. "मास्तर, आम्हाला गाडी चालवायची आहे, गॅरेज काढायचं नाही." मास्तर म्हणायचे, "बंद पडलेल्या गाडीत रडत बसणारा माझा विद्यार्थी म्हणून सांगू नका, म्हणजे झालं."

तीच गाडी आता घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौदा महिने उभी होती. मास्तर मागच्या दारच्या पायरीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, मग ऑपरेशन, मग वॉकर, मग काठी. पायरी बांधणाऱ्या गवंड्याचा त्यांनी चौदा महिने उद्धार केला. गाडीला शिव्या द्यायच्या नाहीत असा धडा होता, गवंड्याला द्यायची काही बंदी नव्हती. क्लास तर बंदच झाला. पण काठी सुटली त्या दिवसापासून मास्तरांनी एकच धोशा लावला, की मी आता गाडी काढतो.

"अहो, आता पुरे झालं की," बायको म्हणाली.

"काय पुरे झालं? श्वास घेतोय तो पण पुरे करू का?"

असं महिनाभर चाललं. शेवटी लेकीने तोड काढली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात इंजिनियर होती, आणि बापाचा शब्द खाली पडू न देता त्याला कोपऱ्यात गाठायची कला तिला एकटीलाच साधलेली होती.

"बाबा, वाद नको. रविवारी तुम्ही आणि तुमची गाडी. पाचच्या आत तुमच्या हाताने चालू झाली, तर ती राहील आणि तुम्ही चालवाल. मी आणि आई एक अक्षर बोलणार नाही. नाही झाली, तर पाच वाजता जुन्या गाड्या घेणारा येईल आणि टोचन लावून घेऊन जाईल."

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. ही शर्त नव्हती, माशाला पोहून दाखव म्हणण्यातला प्रकार होता. "आणि मदतीला?" त्यांनी विचारलं.

"मी आहे ना."

हे ऐकून मास्तरांचा ऊर भरून आला. तो त्यांनी खोकल्यात लपवला.

रविवारी सात वाजता त्यांनी गाडीवरची ताडपत्री ओढली. धूळ घरभर झाली, बायकोने खिडक्या लावून घेतल्या. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी कागद आणि कापूस भरून बाळंतपणाची चोख व्यवस्था केली होती. मास्तरांनी ती मूठमूठ बाहेर काढली. टायर बसले होते ते भरले. बॅटरी तर ठार मेलेली. लेकीने स्वतःच्या गाडीची काढून आणली, शेडमध्ये स्टुलावर ठेवली आणि तिथून केबलने जोडून दिली. घामाने तिच्या कपाळाला केस चिकटले होते. पोरगी बापासाठी मरमर मरते आहे, असं मास्तरांना वाटलं.

चौदा महिने उभ्या असलेल्या गाडीला एकदम सेल्फ मारणारा माणूस मास्तरांच्या लेखी कसाई. त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडलं, अर्धा तास मुरू दिलं आणि मग पट्टा धरून इंजिन हाताने फिरवलं. ते फिरलं. जाम झालं नव्हतं. म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

"मार सेल्फ," प्लग परत बसवून ते म्हणाले. लेकीने किल्ली फिरवली. इंजिन खरखर खरखर फिरत राहिलं, पण पेटेना.

"पेट्रोल बघा बाबा. वर्षभराचं जुनं आहे," लेक म्हणाली.

बरोबर होतं. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशचा वास येत होता. मास्तरांनी ते सगळं काढून टाकलं, कार्बुरेटर खोलला, जेट तोंडाने फुंकून साफ केले, नवं पेट्रोल घातलं. यात अकरा वाजले. पुन्हा सेल्फ. पुन्हा तीच खरखर.

"उंदरांनी वायर खाल्ली असेल कुठेतरी," लेक म्हणाली.

मास्तरांनी वायर न् वायर बोटांखालून काढली. दोन ठिकाणी दात लागले होते, तिथे टेप गुंडाळला. मग एक प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि लेकीला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगीचा पत्ता नाही. चारही प्लगांची तीच तऱ्हा.

आता रोग कळला. ठिणगी नाही, म्हणजे ती पाडणाऱ्या तीन वस्तूंतली एक गेली, कॉइल, पॉइंट किंवा कंडेन्सर. मास्तरांनी दोन वायरींचा छोटा दिवा घेतला आणि कॉइलवर येणाऱ्या वायरीच्या टोकाला, नटाखाली असलेल्या चकतीला टेकवला. दिवा लागला. वीज इथपर्यंत येत होती. ते पुढे गेले. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, फटीत पत्ती घालून अंतर बसवलं, तेही चष्म्याशिवाय. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हे करावं आणि कोणी वाहवा म्हणू नये, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. मग कंडेन्सर बदलला, डब्यात एक जास्तीचा होता. सेल्फ. खरखर.

बायको जेवायला बोलवून गेली. मास्तर उभ्या उभ्या चार घास खाऊन परत आले. दोन वाजले, तीन वाजले. त्यांचा आवाज कमी कमी होत गेला. गाडी चालू होण्यावर काय टांगलं आहे हे त्यांना आता लख्ख दिसत होतं. गाडी गेली की ते मास्तर राहणार नव्हते. खुबा बदललेला, सकाळी फिरायला जाणारा, लोकांनी 'काय काका, बरंय ना' म्हणून विचारावं असा कुणीतरी म्हातारा राहणार होता.

साडेतीनला त्यांनी दिवा कॉइलच्या दुसऱ्या टोकाला लावून बघितला. तिथे अंधार. एका टोकाला वीज आहे, दुसऱ्याला नाही. कॉइल आतून तुटली.

"नवी कॉइल आज कुठे मिळणार बाबा? रविवार आहे," लेक हळूच म्हणाली. "राहू दे आता. तुम्ही खूप केलंत."

मास्तरांनी हात टेकले. कपड्याला हात पुसत म्हणाले, "हो. हरलो." लेकीने तोंड फिरवलं.

पण जुन्या माणसाची खोड. मेलेल्याला पोचवायचं तरी नीट कारण लिहून पोचवावं, म्हणून त्यांनी कॉइल काढून बघायचं ठरवलं. दहाचा पाना शोधला, वायरीच्या नटाला लावायला गेले, आणि नट पान्याशिवायच फिरला. बोटाने.

चौदा महिन्यांचा नट बोटाने फिरत नाही. शिवाय त्यावर धूळही नव्हती. मास्तरांनी तो काढला, वायरीची चकती बाहेर घेतली. चकचकीत होती. त्यांनी तिच्यावर नख घासलं. नखाखाली कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा सुटून आला.

मास्तर स्टुलाच्या कडेवर टेकले.

ही त्यांची खोडी होती. सगळ्यांत अवघड. चकतीच्या दोन्ही अंगांना बिनरंगी नेलपॉलिश लावायचं, वाळू द्यायचं, परत लावायचं, आणि नट हलक्या हाताने बसवायचा. चकतीच्या कडेला टेकवलं की दिवा लागतो, म्हणून माणूस निर्धास्त होऊन पुढे जातो. वीज मात्र चकतीतून कॉइलमध्ये उतरतच नाही. मग तो दिवसभर पेट्रोल हुंगत बसतो. पंचवीस वर्षांत मास्तरांनी ही खोडी फक्त सात जणांना घातली, आणि सातांतल्या एकीलाच ती सापडली. एकोणीस वर्षांची होती तेव्हा. अकरा मिनिटांत. त्यानंतर आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मास्तरांनी ती गोष्ट सांगितली होती, विचारलेलं नसताना.

आणि त्यांना स्वतःला ती का दिसली नाही? कारण ते काळाने केलेला बिघाड शोधत होते. गंज, उंदीर, सडलेलं पेट्रोल. मुद्दाम केलेला दोष शोधायला आधी कुणीतरी मुद्दाम केलाय असं मनात यावं लागतं. या घरात तसं मनात येणार तरी कसं?

पेट्रोल बघा. उंदरांनी खाल्लं असेल. रविवार आहे. दिवसभरातलं तिचं एकेक वाक्य त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं.

"अकरा मिनिटं," मास्तर म्हणाले. "तुला अकरा मिनिटं लागली होती."

लेकीच्या हातात चहाचा कप होता. तिने तो जपून बॉनेटच्या कडेला ठेवला. नाही म्हणाली नाही, कसलं नेलपॉलिश असंही विचारलं नाही. तेवढी लाज तिला होती.

"गुरूची विद्या गुरूला. छान. हरवायचं होतं तर इंजिनात साखर टाकायचीस. चाकं काढून विकायचीस. माझीच खोडी माझ्यावर घातलीस? जी तू शोधलीस म्हणून मी गावभर तुझे गोडवे गात फिरलो, ती?"

"दुसरी कुठलीही तुम्ही तासाभरात शोधली असती," ती खाली बघत म्हणाली.

आवाज ऐकून बायको शेडच्या तोंडाशी आली होती. मास्तरांनी तिच्याकडे चकती धरली. "हे बघ तुझ्या लेकीचे पराक्रम."

बायको चकतीकडे न बघता म्हणाली, "नेलपॉलिश मी आणलं. दुकानातली मुलगी विचारत होती, आजी, कुठला रंग देऊ. मी म्हटलं, रंग नको."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून ही बाई चहा देत होती, घाम पुसायला पंचा देत होती, 'होईल हो, धीर धरा' म्हणत होती. कुंपणानेच शेत खाल्लं तर राखण कुणाकडून करून घ्यायची? पण ते ओरडले नाहीत. त्यांनी चकती पॉलिश पेपरने घासली, जागेवर बसवली, पान्याने नट आवळला आणि स्वतः आत बसून किल्ली फिरवली.

गाडी दुसऱ्या झटक्याला चालू झाली. शेड निळ्या धुराने भरली, मग धूर विरळ झाला आणि इंजिन एका सुरात चालू लागलं. मास्तरांनी उतरून केबल काढल्या. घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती. टाळी कोणी वाजवली नाही.

"शर्त," मास्तर म्हणाले.

"शर्त म्हणजे शर्त," लेक म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "पण बाबा, आज नका काढू बाहेर. उद्या बोलू."

"महिनाभर बोलतोय."

ते परत आत बसले. गाडी मागे घेऊन फाटकातून गल्लीत काढायची, हे त्यांनी हजारो वेळा केलं होतं. बायको पहिल्यापासून फाटकाच्या खांबाशी उभी राहायची आणि गल्लीत कोणी नसलं की हाताने 'या' म्हणायची, कोणी असलं की पंजा उभा धरायची. आजही ती सवयीने तिथे गेली. मास्तरांनी वरच्या आरशात बघितलं. गल्ली मोकळी होती. पंजा कुठे दिसला नाही. त्यांनी क्लच सोडला आणि गाडी सावकाश मागे घेतली.

"बाबा!"

मागच्या पत्र्यावर धाडधाड दोन थापा पडल्या. मास्तरांनी ब्रेक दाबला. मागून एक सायकलवाला त्यांच्या सात पिढ्यांना आठवत निघून गेला.

त्यांनी उतरून बघितलं. बायको खांबाला पाठ लावून उभी होती. तिच्या पोटात आणि गाडीच्या बंपरमध्ये वीतभर जागा. तिचा पंजा अजून वर होता.

"कुठे होतीस तू?" मास्तरांनी विचारलं.

"नेहमीच्या जागी."

"खोटं. नव्हतीस तिथे."

"मी हात करत होते हो. कधीची करत होते."

मास्तर परत गाडीत जाऊन बसले. आरशात बघितलं, गल्ली दिसली. आरशाच्या कडेला खांब असायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं. काळं नाही, धूसर नाही, नुसतं काही नाही. त्यांनी मान वळवून डोळा नेमका त्या कडेवर आणला. आरशात बायको होती, पंजासकट. मान सरळ केली. बायको गेली. त्यांनी चार वेळा हे करून बघितलं, जसं ते एखाद्या सैल वायरीला हलवून बघत.

इंजिन चालूच होतं. लेक खिडकीशी आली.

"कधीपासून?" मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले.

"पडलात ना, त्याच्या आधीपासून असणार. हॉस्पिटलात डोळे तपासले तेव्हा कळलं. समोरचं तुम्हाला शेवटपर्यंत चांगलं दिसेल म्हणाले डॉक्टर. बाजूचं कमी होत जाणार. गेलेलं परत येत नाही. गाडी मात्र..."

"कोणाला म्हणाले?"

तिने आईकडे बघितलं.

"डोळे माझे. डॉक्टर कोणाला म्हणाले?"

"आम्हाला. आम्हीच सांगितलं त्यांना, बाबांना नको. तेव्हा खुब्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. तुम्ही खचला असता. मग आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता..."

"आणि तुझी आई रोज रात्री थेंब घालते ते? डोळे कोरडे पडतात म्हणून?"

"कोरडे पडत नाहीत," बायको मागून म्हणाली.

मास्तरांना एकदम थकवा आला. नेलपॉलिशचं दुःख केवढं मोठं वाटलं होतं, पण त्याच्यामागे हे दडलेलं होतं. त्यांचे डोळे चालले होते आणि ते त्यांना सोडून सगळ्या घराला ठाऊक होतं. चौदा महिने दोघी त्यांच्यासमोर बसून जेवल्या होत्या. आणि ते तोंडावर सांगायचा धीर नाही, म्हणून दोष गाडीच्या माथी मारायचं ठरलं होतं. आयुष्यभर गाडीवर आळ येऊ न देणाऱ्या माणसाच्या घरात.

"गाडी गेली असती तर चार दिवस हळहळला असतात," बायको म्हणाली. "मग म्हटला असतात, जुनी झाली होती. आम्हाला वाटलं, तेवढंच बरं."

"हो. मला मूर्ख ठेवणं तुम्हाला बरं वाटलं."

पाच वाजता गाड्या घेणारा आला, टोचनाचा दोर खांद्यावर टाकून. फाटकात चालू गाडी बघून चक्रावला. "अहो, मला बंद गाडी म्हणून सांगितलं होतं."

"चुकीचं सांगितलं," मास्तर उतरत म्हणाले. "गाडीत काही दोष नाही. चालवत न्या. वाटेत बंद मात्र करू नका, बॅटरी मेलेली आहे."

लेक मध्ये पडली. "बाबा, तुम्ही शर्त जिंकलात. गाडी आपली आहे. राहू दे ना शेडमध्ये. मी चालवीन, तुम्ही शेजारी बसा."

"शेजारी मी शिकवायला बसायचो," मास्तर म्हणाले. "आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही."

त्या माणसाने गाडी गल्लीत काढली, पहिला गिअर जरा घाईने टाकला, आणि गाडी कोपऱ्यावरून वळली. मास्तर आवाज ऐकू येईपर्यंत फाटकात उभे राहिले. दोघी त्यांच्या मागे उभ्या होत्या. लेक रडत होती. लहानपणी ती अशी रडायला लागली की मास्तर तिला उचलून गाडीत बसवायचे. आज त्यांनी मान वळवली नाही.

"एवढंच सांग," ते म्हणाले, "आज सकाळी सात वाजता मला खरं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मीच किल्ली आणून तुझ्या हातात दिली असती."

लेकीने नाक पुसलं. "खरंच दिली असती, बाबा?"

मास्तर 'हो' म्हणायला वळले, आणि शब्द तोंडातच राहिला. दिली असती का? की आरडाओरडा केला असता, डॉक्टरला गाढव म्हटलं असतं, तसेच गाडी घेऊन बाहेर पडले असते? त्यांना खरंच माहीत नव्हतं. भला माणूस होऊन दाखवायची आयुष्यात एकच वेळ आली होती, आणि ती या दोघींनी त्यांना न विचारता परस्पर उरकून टाकली होती. आता ते कोणालाच कधी कळणार नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.